कादंबरी नावाची मुलगी

‘कादंबरी’ हा शब्द आपण येता-जाता वापरतो. पण ते एका मुलीचे नाव आहे, याची आठवण आपल्याला क्वचितच होते. सातव्या शतकात बाणभट्टाने एक कथा रचायला घेतली आणि ती अपुरी ठेवूनच तो गेला. पुढे त्याच्या मुलाने ती पुरी केली. त्या कथेची नायिका गंधर्वांची राजकन्या कादंबरी. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी ‘नॉव्हेल’ आपल्याकडे आले आणि त्याला नाव हवे झाले, तेव्हा मराठीने, आणि शेजारच्या कानडीनेही, याच मुलीचे नाव त्या साऱ्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. म्हणजे गिरणी-कामगारांची कथा असो, दुष्काळाची असो, की कचेरीतल्या कारकुनाची. तिच्या मुखपृष्ठावर आपण नकळत एका गंधर्वकन्येचे नाव छापत आलो आहोत.

हे मला कळले ते फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर. आणि कळल्यावर हसू येण्याऐवजी थोडी लाजच वाटली. कारण ज्या जातीच्या कथेवरून आपल्या साऱ्या धंद्याला नाव मिळाले, त्या जातीच्या कथेला मी पंचवीस वर्षे घराबाहेर उभे केले होते.

मी काही विदुषी नव्हे. दहावीपुढे माझे शिक्षण झाले नाही. लहान मुलांच्या शाळेत शिकवते आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिते. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते एका वाचणाऱ्या बाईचे टिपण समजावे.

आमच्या घरात माझी आत्या राहत असे. पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि बाविसाव्या वर्षी ती माहेरी परत आली, ती कायमचीच. दुपारची झाकपाक झाली की माजघरात उंबऱ्याला पाठ टेकून ती वाचायला बसे आणि आम्ही पोरे तिच्याभोवती. तिची आवडती कादंबरी म्हणजे नाथमाधवांची ‘वीरधवल’. पुठ्ठा गेलेला, शिवण उसवलेली, मधली काही पाने पोस्टाच्या पाकिटाच्या कागदाने चिकटवलेली. घोडा दौडू लागला की आत्याचा आवाज भराभर धावे. दोघा प्रेमी जिवांची ताटातूट झाली की तिचा आवाज इतका खाली येई, की आम्हांला पुढे सरकून बसावे लागे. तिला पुढचे सगळे पाठ होते. तरी पान उलटण्याआधी ती क्षणभर थांबे, जणू या वेळी कदाचित निराळे काही घडेल!

मी पंधरा वर्षांची असताना निबंधात बक्षीस मिळवले आणि कुठल्याशा लेखातून ‘पलायनवाद’ हा शब्द उचलला. नवी पाटी मिळालेल्या मुलाला ती सगळ्यांना दाखवावीशी वाटते, तसे माझे झाले. एका दुपारी मी आत्याला मध्येच थांबवून म्हटले, “आत्या, हे सगळं खोटं असतं. असं कधी कुणाचं होत नाही.”

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. म्हणाली, “ते आम्हाला काय कळत नाही होय गं?”

तिने पुस्तक मिटले आणि ती चहाचे आधण ठेवायला उठली. पुढे ती वाचीत राहिली, पण मनात. मोठ्याने वाचणे त्या दिवसापासून बंद झाले. त्यानंतर आमच्या माजघरातल्या दुपारी अगदी वास्तववादी झाल्या.

आत्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत. नारो सदाशिव रिसबूड यांची ही कादंबरी १८६८ सालची. तिच्याआधी लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘रत्नप्रभा’ (१८६६) येऊन गेल्या होत्या. वाङ्मयाच्या इतिहासात या साऱ्यांची एका परिच्छेदात बोळवण होते: अद्भुतरम्य, बोजड, वास्तवापासून दूर, आणि मग हरिभाऊ आपटे आले व मराठी कादंबरी जमिनीवर उतरली. मीही हेच वाचले, हेच मानले. परंतु रिसबुडांनी प्रस्तावनेत आपण अद्भुताकडे का वळलो, हे सरळ सांगितले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या हिंदू समाजात लग्नाची जी रीत आहे तिच्यामुळे, आणि इतरही काही कारणांनी, आपल्या आयुष्यात रंग भरील असे बरे वा वाईट काही घडतच नाही. रोजचे जगणे लिहावे तर ते निरस होते. म्हणून मन रमवणारे पुस्तक लिहायचे तर चमत्काराचाच आश्रय घ्यावा लागतो.

ही कबुली मी दोनदा वाचली. ज्याला आम्ही भोळा समजत होतो, तो लेखक मुळीच भोळा नव्हता. आत्यासारखेच त्यालाही सगळे कळत होते.

जरा तो काळ डोळ्यांपुढे आणा. १८६८ साली आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न होऊन जाई. संमतिवयाचा कायदा होऊन दहाचे वय बारा झाले तेच १८९१ साली, आणि तेवढ्यावरून केवढे वादळ उठले! अशा समाजात एका तरुण मुलीने एका तरुणाला पाहणे, त्याच्याविषयी विचार करणे, त्याला होकार किंवा नकार देणे, हे घडणार कुठे? पुण्यातल्या एखाद्या वाड्याच्या चौकात? विहिरीवर? लेखकाने ते तिथे घडवले असते, तर तो खरोखरीच खोटे बोलला असता. म्हणून त्याने ते राजवाड्याच्या उपवनात घडवले. जी गोष्ट आपल्या घरात होऊ शकत नव्हती, ती त्याने घरात झाली असे दाखवले नाही. हा मला आता एका प्रकारचा प्रामाणिकपणाच वाटतो. मुलीने स्वतः निवड करणे ही गोष्टच इतकी अद्भुत होती, की तिच्यापुढे बाकीचे चमत्कार किरकोळच म्हणायचे!

यावर कुणी म्हणेल, की वास्तवाचे चित्रण तेव्हाही झाले होते. झालेच होते. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, विधवा-पुनर्विवाहाच्या कायद्यानंतर एका वर्षाने आलेली. तिच्यात विधवांचे हाल आहेत आणि ते खरे आहेत. पुढे १८९०पासून ‘करमणूक’ पत्रातून हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो!’ येऊ लागली आणि केशवपनाला बसवलेली यमू मराठी घराघरांत कायमची राहायला आली. गंमत अशी, की दोन्ही नायिका यमुनाच. या दोन यमुनांपुढे मी आजही हात जोडते. पण त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते, ती ही: आपल्या वास्तवात बाईच्या दुःखाला जागा होती, सुखाला नव्हती. दुःख लिहायचे तर ओसरीवरून माजघरापर्यंत जावे, हवे तेवढे सापडेल. प्रेमाचे सुख लिहायचे तर मात्र मंजुघोषेच्या राज्यात जावे लागे. यमू सांगते काय घडते ते. मंजुघोषा सांगते काय घडायला हवे होते ते. दोघी एकाच प्रश्नाच्या दोन बाजूंना उभ्या आहेत. आम्ही एकीला घरात घेतले आणि दुसरीला हसलो.

हे लिहीत असताना मला माझ्याच तीन कादंबऱ्या आठवल्या. त्यांत मास्तर आहेत, पाण्याचे टँकर आहेत, सहकारी पतपेढी आहे, आजारपणे आहेत. नसलेली गोष्ट एकच: तीनही पुस्तकांत मिळून एकही बाई सुखाने प्रेम करीत नाही. मला वाटे, दुःख लिहिले की खरे लिहिले. १८६८ सालच्या लेखकाजवळ निदान सबब होती. माझ्याजवळ कोणती?

असो. जुने प्रेम परत आले म्हणून त्याचे दोष दिसेनासे होऊ नयेत. उलट दुसऱ्यांदा प्रेमात पडणाऱ्या माणसाला ते अधिक स्पष्ट दिसावेत. या जुन्या कादंबऱ्यांची भाषा समासांनी इतकी लादलेली आहे, की एक वाक्य संपेपर्यंत वाचकाला वाटेत मुक्काम करावा लागतो. नायिका सुंदर असतेच, शिवाय ती वारंवार मूर्च्छित पडते. प्रेम करण्याचा हक्क राजकन्येला. तिच्या दासीला फक्त निरोप पोचवण्याचा. कुळ हीन निघाले तर शेवटी ते उच्च होते असे उघडकीस आणायचे, म्हणजे सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो! आणि सगळ्यात मोठी खोड अशी, की कथा लग्नाच्या मांडवात संपते. जणू निवड एकदाच करायची असते, आणि मग बाईने तोंड मिटून नांदायचे असते.

मग यातली चांगली कुठली आणि पोकळ कुठली, हे ओळखायचे कसे? मी माझ्यापुरती एक कसोटी केली आहे. गोष्टीतला चमत्कार काय काम करतो ते पाहायचे. तो प्रेमी जिवांना संकटातून सोडवतो, की त्यांना अधिक अवघड निवडीपुढे उभे करतो? ऐन वेळी उघडणारे भुयार, ओळख पटवणारी अंगठी, एका घोटात मेलेल्याला उठवणारे औषध. हे सारे लेखकाची सोय करते. त्याने पाने उलटतात, मन हलत नाही. चांगल्या अद्भुतकथेत चमत्कार सोय करीत नाही. तो किंमत वाढवतो.

या कसोटीवर पुन्हा बाणभट्टाकडे जाऊ. मूळ संस्कृत मला झेपत नाही. मराठी भाषांतराच्या हाताला धरूनच मी गेले. अच्छोद सरोवराच्या काठी राजपुत्र चंद्रापीडाला महाश्वेता भेटते. तिने पुंडरीक नावाच्या मुनिपुत्रावर प्रेम केले. कुणी जमवून दिलेले नव्हे, पाहताक्षणी आपले आपण. भेट होण्याआधीच तो गेला. ‘प्राण ठेव, तुमची पुन्हा भेट होईल,’ एवढे आश्वासन देऊन एक दिव्य पुरुष त्याचे शरीर आकाशात घेऊन गेला. तेव्हापासून ती काठावर तप करीत बसली आहे. इथे चमत्काराने काय केले? महाश्वेतेला सोडवले नाही. त्याने तिला आशा दिली, आणि आशा ही वैधव्यापेक्षाही कठीण. शोक करून मोकळे होण्याची वाटसुद्धा त्याने बंद केली.

आणि तिची मैत्रीण कादंबरी! महाश्वेता दुःखात आहे तोवर मी लग्न करणार नाही, असा तिचा निश्चय. राजकन्येने मैत्रिणीसाठी लग्न नाकारावे, आईबापांचा आग्रह मोडावा, ही गोष्ट तेराशे वर्षांपूर्वीची आहे. मग चंद्रापीड तिच्या आयुष्यात येतो, आणि तिच्या निश्चयाची आणि प्रेमाची गाठ पडते. पुढे तो मरतो, पण त्याचे शरीर कोमेजत नाही. आणि कादंबरी त्या निश्चेष्ट देहाजवळ बसून त्याची सेवा करीत राहते. पुन्हा तेच: चमत्कार आहे तो देह न कुजण्याचा, पण त्याची किंमत मोजते आहे ती कादंबरी. शाप, पुनर्जन्म, बोलका पोपट यांच्या सगळ्या गुंतागुंतीतून शेवटी हाती राहते ती एवढीच साधी गोष्ट: दोन बायका आपण निवडलेल्या माणसांसाठी, आपल्याच मर्जीने, थांबल्या आहेत. हे वाचताना मला प्रथम आत्या आठवली. ती कुणासाठी थांबली होती? तिला तर थांबायलाही कुणी दिले नव्हते. पुढे एकदा तिने मला सांगितले होते, की अंतरपाट दूर होईपर्यंत तिने नवऱ्याचे तोंड पाहिलेले नव्हते.

आता थोडे तिच्या नाथमाधवांविषयी. द्वारकानाथ माधवराव पितळे हे त्यांचे खरे नाव. जन्म १८८२, मृत्यू १९२८. ‘वीरधवल’ १९१३ सालची. सूक्ष्म मनोविश्लेषण शोधणाऱ्याला तिच्यात फारसे काही मिळणार नाही. वेग, आवेश, कारस्थाने आणि प्रेम; सज्जन सज्जनच, दुर्जन दुर्जनच. माझ्या कसोटीवर ती काही पानांत उतरते, काही पानांत उतरत नाही. पण लेखकाच्या आयुष्यातली एक गोष्ट मला लहानपणी ठाऊक नव्हती. तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. १९०५ साली सिंहगडावर शिकारीला गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि त्यांचा कमरेखालचा भाग लुळा पडला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांचे वाचन वाढले आणि त्यातूनच त्यांचे लेखन सुरू झाले. म्हणजे आत्याचा आवाज ज्या घोडदौडींबरोबर धावत असे, त्या ज्याने लिहिल्या तो माणूस स्वतः उठून दाराशी जाऊ शकत नव्हता.

याला पलायन म्हणण्याचे धाडस मला आता होत नाही. पळून जायला पाय लागतात! आणि ज्याने ‘वीरधवल’ लिहिली त्यानेच ‘डॉक्टर’सारखी सामाजिक कादंबरीही लिहिली. त्याला जग ठाऊक नव्हते म्हणून तो अद्भुतात गेला, असे म्हणता येत नाही. जे गेले ते किती मोलाचे होते, हे त्याला पक्के ठाऊक होते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९०२ साली कादंबरीवर दीर्घ निबंध लिहिला, त्यात त्यांनीही अद्भुताला कमी लेखले नाही. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात आयुष्य घालवणाऱ्या, पुराव्याशिवाय न बोलणाऱ्या माणसाला अद्भुताची भीती वाटली नाही. ती वाटली माझ्यासारख्या निबंधात बक्षीस मिळवणाऱ्यांना.

एवढे सगळे मी शोधत बसले याला कारण माझी भाची. ती पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत ती घरी आली ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. फराळाचे काम चालले होते; ही सोऱ्या एका हातात धरून दुसऱ्या हाताने पान उलटीत होती. मी विचारले, “काय गं एवढं?” ती म्हणाली, “ड्रॅगनवर बसणाऱ्या मुलीची गोष्ट आहे आत्या. तुला नाही आवडणार. तुला खऱ्या गोष्टी आवडतात.”

माझ्या तोंडावर तेच जुने वाक्य आले होते: हे सगळं खोटं असतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे, शब्दही तेच. मी ते गिळले आणि म्हटले, “सांग तरी.”

तिने चकल्या पाडता पाडता सगळी गोष्ट मराठीत सांगितली. रिबेका यारॉस या अमेरिकन लेखिकेची २०२३ सालची ‘फोर्थ विंग’. नायिका व्हायोलेट हिची हाडे-सांधे इतके नाजूक, की जरा ताण आला तरी निखळतात. तिला व्हायचे होते ग्रंथांचे जतन करणारी लेखनिक. पण आई सेनापती, ती तिला ड्रॅगनवर स्वार होणाऱ्यांच्या पथकात ढकलते. तिथे स्वाराने ड्रॅगन निवडायचा नसतो, ड्रॅगनच स्वाराला निवडतो. आणि जीव जडतो तो ज्याचा बाप बंडखोर म्हणून मारला गेला त्या तरुणावर. त्या मृत्यूत हिच्या आईचा हात होता. काही पाने भाचीने सांगताना गाळली, हे माझ्या लक्षात आले. मीही विचारले नाही.

दोष इथेही आहेत. संकटे इतकी दाटीने येतात, की एकाचा धक्का बसण्याआधी दुसरे हजर. नायक जरा जास्तच देखणा आहे. पण माझी कसोटी मी लावून पाहिली. ड्रॅगन त्या मुलीचे सांधे बरे करीत नाही. तेच निखळणारे सांधे घेऊन तिला त्याच्या पाठीवर टिकून बसावे लागते. चमत्काराने तिची सोय केली नाही, किंमत वाढवली. मी भाचीला विचारले, “तुला यात काय आवडलं?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तिला सगळे म्हणतात तुला जमणार नाही. आणि ती घाबरत घाबरत जाते. शूर नाहीच आहे ती.” तिच्या वर्गात साठ मुलगे आणि नऊ मुली आहेत, हे तिने मला आधी कधीतरी सांगितले होते. मी दोन गोष्टींची सांगड घातली नाही. तिनेही घातली नाही. चकलीचा एक घाणा मात्र जास्तच लाल झाला.

आज मुलीला अंतरपाटापलीकडचा चेहरा आधी दिसतो. फोटो दिसतो, पगार कळतो, पत्रिका जुळते. पण निवडीचे भय संपले आहे का? आपल्या आवडीचे माणूस निवडल्याबद्दल मुलामुलींचे जीव घेतल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. जोवर हे आहे, तोवर कुठल्या तरी दूरच्या राज्यात कुणी तरी राजकन्या निर्भयपणे होकार देत राहणार आणि आमच्या मुली उशीखाली ती पुस्तके ठेवणार. त्या राज्यावर हसण्याआधी, ती गोष्ट आपल्या गावात का घडू शकत नाही, याचे उत्तर आपण मोठ्यांनी दिले पाहिजे. रिसबुडांनी आपल्या परीने ते दीडशे वर्षांपूर्वी दिले होते.

आत्या जाऊन आता आठ वर्षे झाली. तिला सांगण्यासारखे माझ्याजवळ आता पुष्कळ आहे. तिची ‘वीरधवल’ मात्र आहे. लाल फडक्यात बांधून देवघराच्या फडताळात कुणी ठेवली होती कोण जाणे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या लावून झाल्यावर मी ती भाचीपुढे ठेवली. तिने उलटसुलट करून पाहिली, चिकटवलेल्या पानांवरून बोट फिरवले आणि माजघरातच, उंबऱ्याला पाठ टेकून, पहिले पान मोठ्याने वाचायला घेतले. जुने मराठी, दुसऱ्याच ओळीत अडखळली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

मी पुढे सरकून बसले.